वाडीतलं वायफाय: आधी नकाशा, मग तार, शेवटी राउटर

श्रीवर्धन-दापोलीपासून खाली मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत वाडीत वायफाय बसवण्याचा क्रम बहुतेक घरांत सारखाच दिसतो. फायबरवाला ओटीवर राउटर ठोकून जातो. माजघरात रेंज येत नाही म्हणून एक रिपीटर येतो, परसदारच्या खोल्यांसाठी दुसरा. पाहुण्यांच्या कॉटेजसाठी चार कांड्यांचा ‘जास्त पॉवरचा’ राउटर येतो. एवढी खोकी चालवताना इन्व्हर्टर लवकर बसतो, म्हणून मग मोठी बॅटरी. इतकं करूनही संध्याकाळी लाइट गेली की कॅमेऱ्याचं चित्र अडकतं आणि पाहुणे खळ्यात येऊन फोन वर धरून उभे राहतात.

यात सगळं उलट्या क्रमाने झालेलं असतं. यंत्र आधी आलं, गरज मागून मोजली. पुढचे टप्पे म्हणून क्रमानेच करा. सगळ्यांच्या मुळाशी एकच हिशोब आहे: हवेतला वेळ. एका चॅनलवर, म्हणजे हवेतल्या एका ठरावीक पट्टीवर, एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं. जे बोलणं पटकन संपतं ते हवा मोकळी ठेवतं, आणि बोलणारा फोनही लवकर झोपतो. म्हणजे वेग आणि विजेची बचत एकाच उपायाने साधते. जे तारेने जाऊ शकतं ते तारेने पाठवायचं, आणि हवेतून जे जाईल ते जवळून व हळू आवाजात.

उदाहरणाला कोकणातली नेहमीची मांडणी धरू. जांभ्याच्या चिऱ्यांचं घर, मागे माड-पोफळीचं आगर, आगरात दोन कॉटेज, विहिरीजवळ पंपघर, आणि खाडीपलीकडे आंब्याची पॅकिंग शेड.

## १. यादी करा: कोण बोलणार, किती बोलणार

कागदाचे तीन भाग करा.

पहिल्या भागात न हलणारी यंत्रं: कॅमेरे, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, टीव्ही, कॉम्प्युटर, प्रिंटर. यांना तार द्यायची. एक बरा कॅमेरा साधारण ४ एमबीपीएस सतत ओततो. आठ कॅमेरे म्हणजे ३२ एमबीपीएस, दिवसरात्र. हा प्रवाह वायफायवर टाकला की फोनवाल्यांच्या वाट्याला उरलेलंच येतं. इंटरनेटचा प्लॅन मोठा घेऊनही इथे फरक पडत नाही, कारण कॅमेरा ते रेकॉर्डर हा प्रवास वाडीच्या आतला आहे.

दुसऱ्या भागात हलणारी यंत्रं: फोन, लॅपटॉप, टॅब. वायफाय खरं तर यांच्यासाठी. एका वेळी जास्तीत जास्त किती, ते मे महिन्याच्या गर्दीवरून ठरवा, जुलैवरून नाही.

तिसऱ्या भागात दिवसातून चार शब्द बोलणारी यंत्रं: टाकीच्या पातळीचा सेन्सर, पंपाचा स्विच, मातीच्या ओलाव्याचा सेन्सर. यांतली बहुतेक फक्त २.४ गिगाहर्ट्झ या वायफायच्या जुन्या पट्ट्यावर चालतात (दुसरा ५ गिगाहर्ट्झचा). टाकी घरापासून लांब, डोंगरावर असेल तर तिथवर वायफाय नेण्याचा हट्ट सोडा. लोरा नावाची पद्धत ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते, त्या पट्ट्याला भारतात परवाना लागत नाही. वेग नगण्य असतो, पण पातळी कळवायला तेवढा पुरतो आणि सेलवर यंत्र दीर्घकाळ टिकतं. टाकीच्या एका आकड्यासाठी डोंगरावर राउटर, त्याला सोलर आणि वर बॅटरी असा संसार थाटलेला मी पाहिला आहे.

तपासा: यादीतलं प्रत्येक यंत्र तिन्हींपैकी एकाच भागात आहे ना? ‘बघू नंतर’ असं एकही ठेवू नका. नंतरचं यंत्र नेहमी वायफायवरच येऊन बसतं.

## २. नकाशा आणि मोजणी

चौकोनी वहीच्या पानावर वाडी काढा. भिंतींची जाडी लिहा. जांभ्याची भिंत जाड असते, सच्छिद्र असते आणि पावसाळ्यात पाणी धरून ठेवते. मे महिन्यात जेमतेम पार होणारा सिग्नल जुलैत त्याच भिंतीत अडकतो. छपराची जातही लिहा. कौलातून सिग्नल बऱ्यापैकी जातो, पत्र्यातून जात नाही. कौलं काढून पत्रा घातला आणि वरच्या मजल्यावरची रेंज गेली, ही तक्रार दरवर्षी असते. लोखंडी शटर, पाण्याची टाकी, आरसे, फ्रीज हेही नकाशावर आणा.

मग झाडं. पानातलं पाणी सिग्नल खातं, आणि ५ गिगाहर्ट्झचा २.४ पेक्षा जास्त खातं. दाट पोफळी आणि मध्ये केळी-जायफळ असं आगर असेल तर ती हिरवी भिंतच समजा. घरातून आगरापलीकडच्या कॉटेजवर सिग्नल ‘मारण्याचा’ बेत इथेच सोडून द्या.

आता मोजणी. एक साधा राउटर एक्स्टेंशन वायरवर घ्या, जिथे अ‍ॅक्सेस पॉइंट (तारेने आलेलं नेट वायफायने फोनला देणारं खोकं) लावायचा विचार आहे तिथे शिडीवर ठेवा, आणि फोनवरच्या वायफाय अ‍ॅनलायझरसारख्या अ‍ॅपने खोलीखोलीतला आकडा नकाशावर लिहा. आकडा डीबीएम या एककात आणि उणे असतो: उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ७५ च्या खाली नुसती कांडी दिसते, काम होत नाही. मोजणी उन्हाळ्यात करत असाल तर ओल्या पानांसाठी आणि ओल्या भिंतींसाठी या आकड्यातले १० (डीबी) हातचे ठेवा. म्हणजे मे महिन्यात उणे ५७ आलं तरच ती जागा पास.

सावधान: दारं उघडी ठेवून मोजू नका. पाहुणे रात्री दार लावून झोपतात.

## ३. तार आधी: कण्याचं काम

अ‍ॅक्सेस पॉइंट किती, हे ठरवण्याआधी तार कुठवर नेता येते ते ठरवा. रिपीटर तीच गोष्ट ऐकून पुन्हा बोलतो. एकाच चॅनलवर डेटाचं प्रत्येक पाकीट दोनदा हवेत जातं आणि वेग निम्म्यावर येतो. दोन रिपीटर एकापुढे एक लावले तर आणखी खाली. घराच्या आत तार, दोन इमारतींच्या मध्ये फायबर, हा नियम धरा.

घराच्या आत कॅट ६ केबल, पूर्ण तांब्याची. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल ‘कॅट ६’ म्हणूनच विकली जाते. चाकूने तार खरवडून बघा. आत पांढरी चमक दिसली तर परत करा. अशा केबलमधून वीजही पाठवायची असली की ती तापते, आणि खाऱ्या हवेत टोकाशी तुटते. तारेच्या एका टप्प्याची मर्यादा १०० मीटर, त्यात भिंतीतली आणि टेबलापर्यंतची सगळी केबल धरून.

इमारतींच्या मध्ये तांब्याची तार टाकू नका, अंतर ३० मीटर असलं तरी. मे महिन्यातल्या वळवाच्या सरींत आणि परतीच्या पावसात आकाशातली वीज जवळ पडली की दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये क्षणभर प्रचंड फरक पडतो, आणि तो भरून काढायला तुमची केबल हा सोपा रस्ता ठरतो. दोन्ही टोकांची यंत्रं जातात. फायबरची काच वीज वाहत नाही. सिंगल मोड फायबर घ्या, दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबरचा सिग्नल तांब्याच्या तारेवर आणणारं खोकं) किंवा फायबर पोर्टचा स्विच (एका केबलवरून अनेक यंत्रं जोडणारं खोकं).

इथे एक बारकी चूक होते. दुकानदार ‘मजबूत’ म्हणून आर्मर्ड फायबर देतो. त्यात पोलादी पट्टी असते. झोळ पडू नये म्हणून लोखंडी तार जोडलेल्या फायबरचीही गोष्ट तीच. धातू आला की फायबर टाकण्याचा अर्धा हेतू गेला. आतला आधार फायबरग्लासचा असलेली केबल मागा आणि टोक कापून खात्री करा.

केबल एचडीपीई पाइपातून, जमिनीखाली दोनेक फूट, आणि पाइपाला उतार. सपाट पाइपात पाणी साठतं. गडग्याच्या कडेने नेली तर कुदळीचा घाव चुकतो. माडावरून माडावर टांगलेली केबल वाऱ्यात ताणली जाते, झावळी पडते, आणि वानरं तिचा झोपाळा करतात. महावितरणच्या खांबावर तर बांधूच नका, तो जिवाशी खेळ आहे. खणायचं काम पाऊस संपल्यावर, माती अजून ओलसर असताना उरका. मे महिन्यात कातळावर पहार नुसती वाजते.

तपासा: पाइपात नायलॉनची जादा दोरी ओढून ठेवली का? पुढची केबल तीच ओढून नेईल.

## ४. विजेचा हिशोब

हा टप्पा लोक टाळतात, आणि खर्च इथेच गळतो.

राउटर काम करत असो वा रिकामा बसलेला, वीज जवळपास तेवढीच खातो. १० वॉटचं एक खोकं चोवीस तास चाललं की दिवसाला २४० वॉट-तास, महिन्याला ७ युनिटच्या वर, वर्षाला ८७ युनिटच्या पुढे. म्हणून बचत करायची तर खोकी कमी करायची, वापर कमी करून काही होत नाही. प्लगमध्ये लावायचा छोटा पॉवर मीटर मिळतो. प्रत्येक खोक्याचा खरा आकडा त्याने मोजा, अडॅप्टरवर छापलेला धरू नका. तो कमाल मर्यादा सांगतो.

आपल्या उदाहरणात फायबरचं खोकं, मुख्य राउटर, एक स्विच आणि तीन अ‍ॅक्सेस पॉइंट मिळून ३५ वॉट धरू. महिन्याला २५ युनिट. आता लाइट गेल्यावर ८ तास चालवायचं आहे. ३५ गुणिले ८ म्हणजे २८० वॉट-तास. रूपांतरात जाणारा वाटा धरून ३२० म्हणा. शिशाची बॅटरी अर्ध्याखाली उतरवली की लवकर मरते, म्हणून तिथे ६४० वॉट-तास लागतील: १२ व्होल्टची ६० अँपिअर-तासांची. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी ८० टक्के वापरता येते: १२.८ व्होल्टची ४० अँपिअर-तासांची भरपूर होते.

घराचा मोठा इन्व्हर्टर यासाठी वापरणं चालतं, पण तोट्याचं आहे. तो बॅटरीचे १२ व्होल्ट २३० करतो, अडॅप्टर ते परत १२ वर आणतो, आणि इन्व्हर्टर स्वतः चालू राहायलाही वीज घेतोच. ३५ वॉटच्या छोट्या लोडवर हा वाटा फार मोठा. त्यापेक्षा डीसी यूपीएस: बॅटरीतून थेट स्थिर १२ व्होल्ट. अ‍ॅक्सेस पॉइंटना वीज डेटा केबलमधूनच द्या. याला पीओई म्हणतात. मग छतावर वेगळा अडॅप्टर लागत नाही. ८०२.३ एएफ या मानकात स्विच एका पोर्टला १५.४ वॉट देतो, त्यातले १२.९५ टोकापर्यंत पोचतात. मध्यम अ‍ॅक्सेस पॉइंटला ते पुरे. कॉटेजला फायबर नेलं असेल तर तिथला छोटा स्विच आणि कन्व्हर्टर यांची सोय तिथेच करावी लागते, हे हिशोबात धरा.

सावधान: राउटर सरळ बॅटरीला जोडू नका. चार्ज होताना ‘१२ व्होल्ट’ची बॅटरी १४.४ पर्यंत चढते. मध्ये स्थिर व्होल्टेज देणारा कन्व्हर्टर हवाच.

सावधान: २४ व्होल्टचं पॅसिव्ह पीओई आणि ४८ व्होल्टचं प्रमाणित पीओई यांचं सॉकेट सारखंच दिसतं. पॅसिव्ह इंजेक्टर समोर काय जोडलंय ते विचारत नाही, सरळ वीज सोडतो. इंजेक्टरवर मार्करने व्होल्टेज लिहून ठेवा.

कॉटेज पावसाळ्यात बंद असतात, तेव्हा तिथली खोकी बंद ठेवून युनिट वाचतात, हे खरं. पण बंद पडलेल्या खोक्यात दमट हवा शिरते. चालू यंत्राची स्वतःची ऊब त्याला कोरडं ठेवत असते. दोन मार्ग आहेत: उतरवून घरात कोरड्या डब्यात ठेवा, नाहीतर चालू राहू द्या. भिंतीवर बंद ठेवणं सगळ्यांत वाईट.

## ५. अ‍ॅक्सेस पॉइंटच्या जागा

वायफायची लाट दिव्याच्या उजेडासारखी समजा: पडवीतला कंदील कितीही मोठा केला तरी माजघर उजळत नाही, माजघरात एक वात लावावी लागते. जिथे माणसं बसतात-झोपतात तिथे छोटा अ‍ॅक्सेस पॉइंट, हा नियम.

आपल्या घरात एक माजघराच्या छताला, मधोमध. छताच्या लाकडी वाशाला लावला तर दोन्ही बाजूंच्या खोल्यांना एकच भिंत लागते. दोन कॉटेज समोरासमोर असतील तर मधल्या अंगणात एक बाहेरचा अ‍ॅक्सेस पॉइंट पुरेल, असं वाटतं. भिंती जांभ्याच्या असतील तर पुरत नाही. प्रत्येकात एक लावा. खळं आणि पडवीसाठी बाहेरचा एक, ओटीच्या पन्हळीखाली, जिथे थेट पाऊस लागत नाही. कॉटेजच्या भिंती जांभ्याच्या असल्या तर एकूण चार, नाहीतर तीन. यापुढे वाढवण्याआधी दुसरा टप्पा पुन्हा वाचा.

फ्रीजच्या डोक्यावर, शोकेसच्या आत, टीव्हीच्या मागे आणि इलेक्ट्रिक मीटरच्या लोखंडी पेटीत अ‍ॅक्सेस पॉइंट लावू नका. शेवटचं वाचून हसू आलं असेल, पण पेटीला कुलूप असतं म्हणून तिथे लावलेले दिसतात.

## ६. चॅनल, रुंदी आणि आवाज

सगळं जोडून झाल्यावर यंत्रं ‘ऑटो’वर सोडून निघून जाणं, ही बसवणाऱ्यांची सर्वांत मोठी चूक.

२.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ, ४० कधीही नाही. शेजारचा अ‍ॅक्सेस पॉइंट वेगळ्या चॅनलवर. ‘मधला रिकामा दिसतोय’ म्हणून ३ किंवा ४ निवडलं तर दोन्हीकडची गडबड अंगावर येते.

५ गिगाहर्ट्झमध्ये ऐसपैस जागा आहे. २०१८ साली ऑक्टोबरमध्ये निघालेल्या अधिसूचनेने ५१५०-५३५०, ५४७०-५७२५ आणि ५७२५-५८७५ मेगाहर्ट्झ हे पट्टे परवानामुक्त झाले. ३६ ते ४८ आणि १४९ ते १६१ हे चॅनल घरासाठी सोपे. ५२ ते १४४ मधले चॅनल रडारसोबत वाटून घेतलेले असतात. रडारची चाहूल लागली की अ‍ॅक्सेस पॉइंटला तो चॅनल सोडावा लागतो आणि सगळ्यांचं कनेक्शन क्षणभर तुटतं. किनाऱ्यावर राहता, तेव्हा आधी सोपे चॅनल वापरा, जागा अपुरी पडली तरच तिकडे जा.

रुंदी किती? डब्यावर ८० किंवा १६० लिहिलेलं असतं आणि सगळे तेच लावतात. रुंदी दुप्पट केली की गोंगाटही ३ डीबीने वाढतो, आणि वाटण्यासाठी चॅनल निम्मे उरतात. तीन-चार अ‍ॅक्सेस पॉइंटच्या वाडीला ४० मेगाहर्ट्झ ठीक. वायफाय ६ चा साधा दोन अँटेनांचा फोन त्यावर कागदावर ५७४ एमबीपीएस दाखवतो. हातात त्याच्या अर्ध्याहून थोडं जास्त आलं तरी इंटरनेटचे बहुतेक प्लॅन त्यात बसतात.

आता आवाज, म्हणजे ट्रान्समिट पॉवर. ‘हाय’वर ठेवली की फोनवर पूर्ण कांड्या दिसतात, पण फोनचा आवाज तेवढाच लहान राहतो. अ‍ॅक्सेस पॉइंट ओरडतो, फोनचं उत्तर त्याला ऐकू येत नाही, पाकिटं पुन्हा पुन्हा जातात, बॅटरी तापते. शिवाय कॉटेजमध्ये पोचलेला फोन घरातल्या अ‍ॅक्सेस पॉइंटला चिकटून राहतो. ५ गिगाहर्ट्झवर १७ डीबीएमच्या आसपास आणि २.४ वर त्याहून ५-६ ने कमी, इथून सुरुवात करा. दर ३ डीबी कमी म्हणजे पॉवर निम्मी.

बीकनचा खर्चही बघा. प्रत्येक अ‍ॅक्सेस पॉइंट वायफायच्या प्रत्येक नावासाठी दर १०२.४ मिलिसेकंदांनी ‘मी आहे’ असं ओरडतो. २.४ वर जुना १ एमबीपीएसचा वेग चालू असेल तर एका ओरडण्याला अडीच मिलिसेकंदांहून जास्त लागतात. ‘घर’, ‘गेस्ट’, ‘कॅमेरा’, ‘ऑफिस’ अशी चार नावं ठेवली की कोणी काही न करता हवेचा दहावा हिस्सा गेला. जुने १, २, ५.५ आणि ११ एमबीपीएसचे वेग बंद करा, किमान वेग ६ वर आणा. तेच बीकन मग अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत आटोपतं.

डीटीआयएम नावाची सेटिंग असेल तर ३ ठेवा. झोपलेल्या फोनला कमी वेळा उठावं लागतं. वायफाय ६ मधली टार्गेट वेक टाइम (यंत्राने कधी उठायचं ते आधीच ठरवणारी) ही सोय सेन्सरसाठी चालू ठेवा. एखादं जुनं यंत्र त्यामुळे रुसलं तर बंद करा, फार नुकसान नाही.

सावधान: देश ‘इंडिया’च निवडा. जास्त पॉवर मिळते म्हणून दुसरा देश लावणं आणि बूस्टर जोडणं, दोन्ही बेकायदा. २.४ गिगाहर्ट्झवर अँटेनासकट बाहेर पडणाऱ्या पॉवरची मर्यादा ४ वॉट आहे.

## ७. नावं आणि पासवर्ड

हे पटकन उरकेल. नावं दोन, फार तर तीन: घर, पाहुणे, सेन्सर. सगळ्या अ‍ॅक्सेस पॉइंटवर तीच नावं, तेच पासवर्ड. ‘घर_एक्स्ट’ असली नावं नकोत, फोन आपोआप सरकत नाही. सुरक्षा डब्ल्यूपीए२ एईएस किंवा डब्ल्यूपीए३. टीकेआयपी ही जुनी सुरक्षा पद्धत चालू राहिली तर त्यावर जोडलेलं यंत्र ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही. ‘राउटर नवीन, वेग जुना’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच निघतं. पाहुण्यांना घरच्या यंत्रांपासून वेगळं करणारी आयसोलेशनची खूण टिकमार्क करा, नाहीतर पाहुण्याच्या फोनवर तुमचा कॅमेरा दिसेल.

## ८. खाडीपलीकडची शेड

इथे फायबर शक्य नाही, म्हणून दोन टोकांना दिशादर्शक अँटेना, ५.८ गिगाहर्ट्झ. अंतर १ किलोमीटर धरून हिशोब करू. मोकळ्या हवेतली घट साधारण १०८ डीबी. पाठवणारा २० डीबीएम, दोन्हीकडे १६ डीबीआयच्या (सिग्नल एका दिशेला एकवटण्याचं माप) अँटेना, किरकोळ घट ३. वीस अधिक सोळा अधिक सोळा, वजा १०८, वजा ३: उणे ५९ डीबीएम. भरपूर आहे. मोठी ताटं विकत घ्यायची गरज नाही. ‘पाच किलोमीटर रेंज’ लिहिलेलं खोकं एका किलोमीटरला लागत नसतं, आणि पाच किलोमीटरला बहुधा पुरतही नसतं.

डोळ्यांना पलीकडची शेड दिसते, एवढ्यावर जाऊ नका. लाटेला सरळ रेषेभोवती जागा लागते. १ किलोमीटरला मध्यावर तिची त्रिज्या ३.६ मीटर. त्यातली ६० टक्के, म्हणजे सव्वादोन मीटरचा मोकळा गाळा सगळीकडून हवा. माडांची शेंडी, कांदळवन, नांगरलेल्या होड्यांच्या काठ्या, सगळं यात धरा.

खाडीची खोड वेगळी आहे. शांत पाण्यावरून लाट परावर्तित होऊन पोचते आणि सरळ आलेल्या लाटेत मिसळते. पाणी दोन-तीन मीटर वर-खाली झालं की हे मिसळणं कधी पूरक, कधी मारक ठरतं. सकाळी लिंक सुरेख, दुपारी ढासळलेली, आणि दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट पाऊण तास उशिराने, असं दिसलं की यंत्र बदलू नका, भरतीचं वेळापत्रक बघा. एक अँटेना मीटर-दीड मीटर खाली किंवा वर करून पाहा; काठावरचा बांध पाण्यावरची वाट अडवेल पण सरळ वाट मोकळी राहील अशी जागा मिळाली तर उत्तमच.

पावसाने ५.८ ला एवढ्या अंतरावर विशेष काही होत नाही. ६० गिगाहर्ट्झचे नवे वेगवान संच मात्र कोकणातल्या झोडपणाऱ्या पावसात गळून पडतात, घ्यायचेच तर ५ गिगाहर्ट्झची जोड असलेले घ्या.

अँटेना माडावर नको. माड डुलतो, पाडेकरी चढतो, नारळ पडतो. गॅल्व्हनाइज्ड पाइप आणि ताण (खांब धरून ठेवणाऱ्या तारा), भिंतीला किंवा काँक्रीटच्या पायाला. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन ते दापोली पट्ट्यातली माड-पोफळीची आगरं आडवी झाली, हे ताण आवळताना लक्षात असू द्या.

तपासा: अमावास्या किंवा पौर्णिमेच्या उधाणाला, भरतीच्या टोकाला आणि ओहोटीच्या तळाला, दोन्ही वेळी आकडा लिहा. फरक १० डीबीपेक्षा जास्त असेल तर उंची बदला.

## ९. मीठ, पाणी, आकाशातली वीज आणि पाली

बाहेरच्या प्रत्येक केबलला यंत्रात शिरण्याआधी खाली एक झोळ द्या, पाणी तिथून ठिबकेल. भोकं नेहमी तळाला. जोडावर आधी आपोआप चिकटणारी रबरी टेप, वर साधी टेप. सिलिकॉन थापू नका, काहींतून निघणारं आम्ल तांबं खातं. नट-बोल्ट एसएस ३१६ चे. ३०४ वर समुद्राकाठी काही महिन्यांतच तांबूस डाग दिसतात. पेटीची भोकं बारीक जाळीने किंवा ग्लँडने बंद करा. ऊब शोधत पाली आणि मुंग्या आत येतात, आणि पाल दोन टोकांना एकदम टेकली की स्विच गेला.

अर्थिंग कातळावर अवघड. मे महिन्यात, जमीन सर्वांत कोरडी असताना इलेक्ट्रिशियनकडून अर्थ टेस्टरने मोजून घ्या. जानेवारीतला आकडा फसवा असतो. अँटेनाच्या खांबासाठी वेगळा खड्डा घेतला असेल तर तो घराच्या अर्थिंगला जाड तारेने जोडा. दोन सुटे अर्थ हे एका वाईट अर्थपेक्षा धोक्याचे. बाहेरून येणाऱ्या तांब्याच्या केबलला घरात शिरतानाच सर्ज प्रोटेक्टर लावा. थेट पडलेल्या विजेपुढे तो काही करत नाही, म्हणून गडगडाट जवळ येण्याआधीच प्लग काढा. आणि बाहेरची डेटा केबलही काढा, ती सगळे विसरतात.

## १०. चाचणी, मगच पैसे चुकते

वाडीतला वेग आणि इंटरनेटचा वेग वेगवेगळे मोजा. लॅपटॉप तारेने जोडून त्यावर आयपर्फ३ हे फुकट मिळणारं साधन सुरू करा, फोनवरून प्रत्येक खोलीत चाचणी घ्या. इथे २०० एमबीपीएस आणि इंटरनेटवर १५ दिसलं तर दोष वाडीबाहेर आहे. बसवणाऱ्याशी भांडून उपयोग नाही. उलट असेल तर पाचव्या-सहाव्या टप्प्याकडे परत या.

मग फोनवर कॉल लावून ओटी, माजघर, परस, कॉटेज असं चाला. कॉल एका जागी नेमाने अडकत असेल तर त्या दोन अ‍ॅक्सेस पॉइंटपैकी लांबच्याची पॉवर ३ डीबी कमी करा, जवळच्याची वाढवू नका. शेवटी मेन स्विच पाडा आणि बॅटरी किती तास टिकते ते घड्याळ लावून बघा. हिशोबातल्या ८ ऐवजी ५ तास निघाले तर एखादं खोकं कागदावर यायचं राहिलं आहे, ते शोधा.

## आगोटीच्या कामांत हेही

मे संपताना कौलं चाळता, झडपा बांधता, लाकूडफाटा भरता, तेव्हाच अर्धा दिवस यालाही द्या. अँटेनाच्या वाटेत आलेल्या झावळ्या उतरवा. पाइपांची तोंडं उघडून बघा, घुशीने माती भरली असेल. बाहेरचे जोड उघडून हिरवट गंज दिसला तर टोक कापून नवीन कनेक्टर मारा, पुसून पुन्हा घालू नका. बॅटरीची एकदा मेन पाडून चाचणी घ्या. सगळे आकडे त्याच नकाशावर, नव्या रंगाच्या पेनाने, तारखेसकट लिहा आणि नकाशा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून स्विचच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवा. जुलैत लाइट जाऊन आल्यावर काही बंद पडलं, तर बॅटरीच्या उजेडात आधी तोच कागद उघडा.